डाव्या खांबाचा नट

जबाब

दिनांक ५ एप्रिल १९८७, रविवार
नाव: कॉस्मस पीटर मिस्किटा
वय: ६८ वर्षे
धंदा: निवृत्त फिटर, पूर्वी गोदीत नोकरी
राहणार: मरोळ गावठाण, विहिरीजवळचे घर, अंधेरी (पूर्व), मुंबई ५९

मी वर लिहिलेला कॉस्मस मिस्किटा, कोणी बोलावले नसताना आपल्या पायांनी पोलीस ठाण्यात आलो असून माझा मुलगा लिओनार्ड याच्याविरुद्ध तक्रार सांगतो. हवालदार दशरथ मला म्हणाले, "अंकल, घरचं भांडण घरी मिटवा ना, रविवार आहे." मी त्यांना म्हटले, आधी कागद घ्या. मी सांगतो ते सगळे लिहा, गाळू नका. आता ते लिहीत आहेत.

सदर घरात मी, मुलगा लिओनार्ड वय ३८, सून एथेल व दोन नाती असे राहतो. लिओनार्ड एका कंपनीत मोटर मेकॅनिक आहे. त्याची आई तो दीड वर्षाचा असताना वारली. त्याला माझी मोठी बहीण इव्हा हिने वाढवले. तिने लग्न केले नाही. त्याचे गू-मूत तिने काढले. हवालदारांनी येथे "पालनपोषण केले" असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. गू-मूत काढले असेच लिहा.

घराच्या बाजूला पूर्वी आमचा गोठा होता. त्या जागी मी गॅरेज केले. मी निवृत्त झालो तेव्हा एक पेट्रोल पंप बंद पडला होता, तिथली गाडी उचलायची लिफ्ट मी आणून स्वतः बसवली. गावठाण हसले. घरात बसायला धड खुर्ची नाही आणि म्हाताऱ्याने गाडीला पाळणा आणला, असे म्हणाले. लिफ्ट म्हणजे दोन लोखंडी खांब. प्रत्येक खांबात एक उभा लांब स्क्रू, आणि त्या स्क्रूवर वर-खाली जाणारा एक पितळी नट. मोटर स्क्रू फिरवते, नट चढतो-उतरतो, आणि गाडीचा सगळा भार त्या दोन नटांवर असतो. नटाचे आटे झिजले की लिफ्ट संपली. गाडी माझी स्वतःची, जुनी डुक्कर फियाट आहे.

पंच्याऐंशीच्या नाताळात इव्हा विहिरीपाशी पडली व तिचा खुबा मोडला. तो बरोबर जुळला नाही. तिला कमरेत वाकता येईना, म्हणजे बसता येईना. सरळ पडून राहायचे नाहीतर धरून उभे राहायचे. लिओनार्ड म्हणाला, एक महिना तिला वांद्र्याला सिस्टर लोकांच्या वृद्धाश्रमात ठेवू, मग आणू. मी गाडीची पुढची सीट काढून आत मागपर्यंत फळी टाकली आणि तिला आडवी झोपवून नेले. ती वाटेत खिडकीतून झाडांचे शेंडे बघत होती. आश्रमात तिला काही त्रास नव्हता. पण घर ते घर. महिन्याचे चार महिने झाले.

मे महिन्यात तिला परत आणायचे मी ठरवले. आदल्या दिवशी ब्रेक बघायला गाडी लिफ्टवर घेतली तर डाव्या खांबातून कर्रकर्र आवाज झाला, आणि गाडी डोक्याच्या उंचीवर अडकली. ना वर, ना खाली. आम्ही तिच्याखाली जाड लाकडी ठोकळे रचले. लिओनार्डने डावा नट सोडवून माझ्या हातात दिला. त्याचे आटे ब्लेडच्या पात्याइतके पातळ झाले होते. ही झीज खरी होती. यात त्याचा दोष नाही, हेही लिहा.

टॅक्सी का केली नाही असे विचारल्यावरून सांगतो की, जी बसू शकत नाही तिला टॅक्सीत कशी घालणार? घडी घालून? अँब्युलन्स का केली नाही असे विचारल्यावरून सांगतो की, इव्हा त्या गाडीत पाय ठेवायला तयार नव्हती. आमची आई व धाकटा भाऊ तसल्याच गाडीतून गेले व परत आले नाहीत. ती म्हणाली, "कॉस्मस, तुझ्या गाडीतून आले, तुझ्याच गाडीतून घरी येईन." शेजारी मधुकर म्हणाले की, चेन-पुली लावून गाडी उतरवू. लिओनार्ड म्हणाला, वरचा वासा कुजला आहे, छप्पर खाली येईल. वासा कुजलेला नाही. मी आज हातोडीने ठोकून बघितला.

नवा नट करून घेण्यासाठी मी साकीनाक्याला अंबादास लेथवाल्याकडे गेलो. नमुना म्हणून जुना नट दिला. त्याने हुबेहूब तसा करून दिला. तो स्क्रूवर घट्ट बसेना. लिओनार्ड पोट धरून हसला. "झिजलेल्या नटाचं माप दिलंत तर झिजलेलाच नट येणार ना, पापा!" हे त्याचे बरोबर होते. चूक माझी होती. गोदीत उभा जन्म काढलेल्या माणसाने अशी चूक करायला नको होती, पण मला घाई झाली होती. मला वाटते, तो खेळ त्याला त्याच दिवशी सुचला.

दुसऱ्या वेळी मी स्क्रूचे माप घेऊन नट करवला. लिओनार्ड म्हणाला, ठेवा, मी सावकाश बसवतो. दोन दिवसांनी त्याने मला गॅरेजमध्ये बोलावून नट स्क्रूवर हलवून दाखवला. तो दातासारखा हलत होता. "हा लावला तर गाडी डोक्यात पडेल. पापा, तुमच्या डोळ्यांची वाट लागलीय. मापं नीट दिसत नाहीत तुम्हाला." मी अंबादासकडे जाऊन चार गिऱ्हाइकांसमोर त्याला चोर म्हटले. तो म्हणाला, "अंकल, माझं काम चोख आहे. घरी जाऊन बघा." मी बघितले नाही. मी माझे डोळे दाखवायला गेलो. मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन केले, हिरवी पट्टी बांधून बसलो. लिओनार्ड सुनेला म्हणायचा, "पापांना नट दिसावा म्हणून डोळा कापला, बोल!" मला वाटायचे तो माझे कौतुक करतो आहे.

चांगले दिसू लागल्यावर मी तिसरा नट करवला. अंबादासच्या शेजारी उभा राहून करवला. तो हातात घेतल्यावरच कळले की झकास झाला आहे. घरी आणून लिओनार्डला दिला. तोही हलला. तेव्हा मी मान्य केले की मीच निकामी झालो आहे.

या सगळ्या काळात मी दर रविवारी बसने वांद्र्याला जात होतो. इव्हा मला तब्येत विचारायची नाही. दारात दिसलो की विचारायची, "नट मिळाला का रे?" मी म्हणायचो, पुढच्या आठवड्यात. तिच्या बाजूच्या खाटेवरच्या बायासुद्धा तेच विचारू लागल्या. एकदा ती म्हणाली, "लिओनार्डला सांग, तो चांगला मेकॅनिक आहे, तो करील काहीतरी." मी तसे त्याला सांगितले. तो म्हणाला, "करतोय ना."

फेब्रुवारीच्या शेवटी, उपवासकाळाच्या तोंडावर, ती आश्रमातच वारली. तिला घरी अँब्युलन्सनेच आणावे लागले. याबद्दल अधिक काही सांगायचे नाही.

गेल्या आठवड्यात चर्चमध्ये तिची महिन्याची मिस्सा झाली. नंतर घरी लोक आले. लिओनार्ड व त्याचे मित्र गॅरेजमध्ये बाटली घेऊन बसले होते. मी त्यांच्यासाठी कोंबडीच्या भुजिंगची बशी घेऊन गेलो तेव्हा तो आत बोलत होता. त्याचे शब्द असे: "अरे, दुसरा नट असा बसला होता, लोण्यासारखा! मीच आतून कानस मारली. म्हातारा परत साकीनाका! तिसऱ्या वेळी तर डोळा कापून आला यार!" सगळे हसले. एक जण स्टुलावरून पडला. एथेल तिथेच होती. ती म्हणाली, "पुरे रे, पापा ऐकतील." त्यावर तो म्हणाला, "ऐकू दे. आंटी घरी आली असती तर तिचं भांडं तू उचललं असतंस का? गाडी उतरली असती तर म्हातारा तिला आणल्याशिवाय राहिला असता का?" मी आत गेलो, सगळ्यांना वाढले, आणि बाहेर आलो. त्यांना कोणाला वाटले नाही की मी ऐकले.

तेव्हाच का विचारले नाही असे विचारल्यावरून सांगतो की, विचारून काय करायचे होते? माफी मागितली असती. मला त्याची माफी नको होती. माझा संताप डोक्यात मावेना, आणि त्याच्याशी एका टेबलावर जेवताना मला मीठ मागायचीसुद्धा किळस येत होती. तरी मी आठवडाभर जेवलो.

काल मी लिओनार्डला सांगितले की, चौथा नट करून आणला आहे व या वेळी मी स्वतः बसवणार. तो म्हणाला, "बसवा. आता उतरायलाच हवी गाडी, मला ती हवीय." आता इव्हा नव्हती, त्यामुळे त्याची हरकत नव्हती. आज सकाळी एथेल मुलींना घेऊन गोराईला माहेरी गेली, बाकी गावठाण मिस्सेला गेले. मी डाव्या खांबात नट बसवला व ठोकळे काढले. बटण दाबून गाडी कमरेच्या उंचीपर्यंत खाली घेतली. ती कुरकुरली, पण आली. लिओनार्डने टाळ्या वाजवल्या. "मानलं पापा!" मी त्याला म्हटले, सायलेन्सर गंजला आहे का बघ, मला वाकवत नाही. तो बॅटरी घेऊन गोणपाटावर उताणा झोपला व गाडीखाली सरकला.

तक्रार एवढीच आहे की, माझ्या मुलाने दोन नटांना कानस मारून दहा महिने माझी फसवणूक केली व माझ्या बहिणीला घरी येऊ दिले नाही.

मुलगा सध्या कोठे आहे असे विचारल्यावरून सांगतो की, गॅरेजमध्ये आहे.

तेथे काय करीत आहे असे विचारल्यावरून सांगतो की, उताणा पडून आहे.

गाडी कोठे आहे असे विचारल्यावरून सांगतो की, त्याच्या पोटावर आहे. मी खाली घ्यायचे बटण दाबले. तो आधी म्हणाला, "पापा, तुमचा हात लागला बटणाला, वर घ्या." मग म्हणाला, "पापा, मस्करी नको ना." मी त्याला सांगितले की, चौथा नट कधी केलाच नव्हता, तुझ्या डाव्या बाजूला तिसरा नट आहे. त्यावर त्याने सरकायची धडपड थांबवली. मी फ्यूज काढून विहिरीत टाकला, दाराला कुलूप लावले व इकडे आलो.

(येथे जबाब थांबवून फौजदार साहेबांनी चार पोलीस शिपाई व अँब्युलन्स जागेवर रवाना केली. गॅरेजची किल्ली जबाब देणाऱ्याच्या शर्टाच्या खिशातून काढून घेतली. जबाब पुढे चालू.)

शेजाऱ्यांना ओरडणे ऐकू कसे आले नाही असे विचारल्यावरून सांगतो की, ओरडायला छाती भरून हवा घ्यावी लागते. मी त्याला श्वास घेण्याइतकी जागा ठेवली आहे, ओरडण्याइतकी नाही. तो वडापाव खाऊन सुटलेला माणूस आहे, त्यामुळे सरकून बाहेर येता येणार नाही. बारीक असता तर मी वेगळा विचार केला असता.

त्याला मारण्याचा हेतू होता काय असे विचारल्यावरून सांगतो की, मारायचे असते तर बटणावरून बोट काढले नसते. मी काढले. इव्हा दहा महिने छताकडे बघत पडली होती. त्याने थोडा वेळ पडून बघावे एवढेच माझ्या मनात होते. त्याला बाहेर आल्यावर काय सांगाल असे विचारल्यावरून सांगतो की, काही नाही.

पश्चात्ताप होतो काय असे विचारल्यावरून सांगतो की, हे तक्रारीत बसत नाही.

शेजारी मधुकर यांच्या घरच्या फोनवरून निरोप आल्याचे मला सांगण्यात आले. लिओनार्ड शुद्धीवर आहे. शिपाई विचारतात की, दोन्ही बाजूंना जॅक लावायला जागा होत नाही, दुसरा फ्यूज घालून मोटरने गाडी वर घ्यावी काय? त्यावर सांगतो की, मोटर चालू केली की गाडीचा सगळा भार आट्यांवरून सरकतो. आटे टिकले तर गाडी वर येईल. नाही टिकले तर डावी बाजू खाली येईल. मोटर न लावता गाडी तशीच ठेवली तरी भार त्याच नटावर आहे. लिओनार्ड जितका हलेल तितका नट हलेल, म्हणून त्याला हलू नको म्हणावे.

तुम्ही फिटर आहात, नट किती धरेल ते तुम्हीच सांगा, असे फौजदार साहेबांनी हात जोडून विचारल्यावरून सांगतो की, मी अंबादासकडून आणला तेव्हा तो नट चोख होता. त्यानंतर कानस किती वेळा व किती खोल मारली ते मी बघितलेले नाही. ते फक्त लिओनार्डला ठाऊक आहे. गाडीखाली वाकून त्यालाच विचारा, आणि तो सांगेल तसे करा.

वरील मजकूर माझ्यासमोर मराठीत वाचला गेला. फौजदार साहेब फोनकडे बघत भराभर वाचत होते व मधल्या ओळी सोडत होते, म्हणून मी सही न करता पहिल्या ओळीपासून पुन्हा, सावकाश वाचायला सांगितले. तसा वाचला. बरोबर आहे.

सही
कॉस्मस पीटर मिस्किटा