टिप्याची दिवसाची सोय

हसा हवं तर, पण माझा टिप्या एकटेपणाने खरोखरच आजारी पडला होता. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालेलं, आणि मी मोताळ्याच्या शाळेत नवी शिक्षिका. मी शाळेत गेले की हा कुत्रा बंद खोलीत दिवसभर रडे, दार ओरबाडी आणि भाकरीला तोंडही लावत नसे. अखेर घरमालकांनी बजावलं, "बाई, त्याले दुसरीकडं धाडा, नाही तर खोली सोडा."

शेजारच्या सरुबाई शेळ्या पाळत. त्या म्हणाल्या, "दिवसा माह्यापाशी ठेवा ना! काऊन जीव जाळता?"

या उपायाबद्दल मला शंका होती, पण दुसरा उपाय नव्हता. पहिल्याच संध्याकाळी त्याला आणायला गेले, तर सरुबाईंच्या दाराला कुलूप! त्या दिवशी आठवडी बाजार होता, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. मी धावतच बाजार गाठला. विकायला आणलेल्या शेळ्यांच्या रांगेत, तसल्याच दोरीने बांधलेला टिप्या बसला होता, आणि एक गिऱ्हाईक त्याच्याकडे बोट दाखवून विचारत होतं, "अन् हा केवढ्याले?"



"तो इकाचा नाही, बापू," सरुबाई फणकारल्या. "त्याची माय शाळेत शिकवते. सांजेले येऊन घेऊन जाते."

‘माय’ हा शब्द वस्तुस्थितीला धरून नव्हता. पण कित्येक दिवसांनी टिप्या शेपूट हलवत भाकरी खात होता. मी पुढे झाले आणि त्या गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितलं, "ती मीच."