आईचे पाच स्टार

स्टारवरनं माणसाची आवड कळती म्हणतोस? गड्या, मलाबी तसंच वाटायचं.

आमच्या आईनं पिक्चर बघितला की तिला विचारून मोबाईलवर स्टार मीच द्यायचो. मारामारीच्या पिक्चरला एक. बर्फाच्या डोंगरात नाचगाणी होती, त्यालाबी एकच. एक तमिळ होता, खाली मराठी अक्षरं येणारा. त्याला तर "एकबी देऊ नको" म्हणाली. आणि दोन वकील दोन तास नुसते भांडत बसलेत, त्याला पाच!

मी बिद्रीला बहिणीला फोन लावला. म्हटलं, "आईची आवड घावली बघ. तिला कोर्टाचं याड हाय."

"पण तिला तर डोंगर, बागा बघायला लई आवडायचं की," बहीण म्हणाली.

"म्हातारपणी आवड बदलती," मी म्हटलं. शहाणाच की मी! हुडकून हुडकून कोर्टाचे पिक्चर लावून दिले. सगळ्यांना पाच.

परवा दुपारी दुकानातनं जेवायला घरी गेलतो. आई खुर्चीत बसून टीव्हीकडं एकटक बघत होती. आतनं वकिलांची भांडणं ऐकू येत होती, पडदा मात्र काळाकुट्ट. चित्रच गेलं होतं, कधी गेलं कुणास ठाऊक. मी टीव्हीपुढं जाऊन वायर हलवून बघितली. चित्र काय येईना.

मी हळूच विचारलं, "आई, कसा हाय पिक्चर?"

"लई झ्याक. पाच दे," आई म्हणाली आणि लगेच खेकसली, "पण तू मधी का उभारलायस? बाजूला हो की, दिसंना मला."

मी बाजूला झालो.