घाटाच्या चढावर दुसऱ्याचा आकडा काढल्याबाबत

मी, धंदा टोचनचा, म्हणजे बंद पडलेली वाहने ओढून नेण्याचा, वय एकोणपन्नास, शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत, राहणार टोचन शेडच्या मागच्या खोल्यांत, मला सर्वजण अण्णा म्हणतात, स्वतः ठाण्यात येऊन सांगतो की,

सोमवारी सकाळी देवाला हात जोडून मी माझ्या डिझेल ट्रकच्या टायरांची हवा तपासत होतो. शेड माझी आणि माझ्या साडूंची सामाईक आहे. आम्ही एका बाकावर शिकलो आणि दोन सख्ख्या बहिणींशी आमची लग्ने झाली. त्यामुळे त्यांना टाळणे मला जमलेले नाही.

तेवढ्यात घोडेस्वारी शिकवणाऱ्या बाईंचा शेडच्या फोनवर फोन आला. त्यांची घोडी अडली होती. शिंगरू आडवे आले होते आणि घाटापलीकडच्या जनावरांच्या दवाखान्यात तिला तातडीने न्यायचे होते. फोन साडूंनी घेतला. त्यांनी नवीन इलेक्ट्रिक पिकअप घेतली आहे. ती घेतल्यापासून ते माणसांशी कमी आणि गाडीबद्दल जास्त बोलतात.

मी म्हणालो, "चढ आहे, मागे घोडीची ट्रॉली आहे. माझा ट्रक ने."

ते म्हणाले, "तुझ्या धुराड्यानं घोडी घाबरून मरेल. माझी गाडी बघ, आवाज नाही, धूर नाही. आणि जोर म्हणशील तर तुझ्या ट्रकला उलटा ओढत नेईन."

जोराबद्दल ते खोटे बोलले नाहीत. त्या गाडीत जोर आहे. परंतु पडद्यावर दिसणारा अंतर रिकाम्या गाडीचे असते, मागे वजन लावून चढाला लागले की ते निम्म्यावर येते, हे त्यांना गाडी विकणाऱ्याने माझ्यासमोर सांगितले होते. त्या वेळी ते गाडीसोबत स्वतःचा फोटो काढून घेत होते.

साडू पिकअप घेऊन गेले. काही वेळाने बाईंनी मला फोन केला. गाडी घाटातल्या चार्जिंगच्या जागेवर थांबली होती. मी ट्रक घेऊन गेलो. तिथले गाड्या लावायचे खण मोटारींच्या मापाचे आहेत. ट्रॉली आकड्याने जोडलेली असताना पिकअप आत जात नव्हती आणि केबल बाहेरपर्यंत पोचत नव्हती. ट्रॉली सोडून चार्ज करावे, तर उतारावर घोडीसकट ट्रॉली मोकळी उभी करावी लागली असती. घोडी आत आडवी पडली होती. बाई तिचे डोके मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

मी म्हणालो, "साडूभाऊ, आकडा सोड. मी लावतो."

ते म्हणाले, "आकडा माझा आहे. लांब केबल मागवलीय."

"कुठून मागवलीस?"

"येतेय म्हणालाय तो."

"घोडीला सांग मग थांबायला."

"अण्णा, तुला माझी गाडी बघवत नाही, एवढंच आहे हे."

आमच्या धंद्यात नियम असा आहे की ज्याने आकडा लावला, पोचेपर्यंत ते वाहन त्याचे. दुसऱ्याचा आकडा त्याच्या परवानगीशिवाय कोणी काढत नाही. काढला तर संघटना त्याचे काम बंद करते. हा नियम चांगला आहे, त्यामुळे रस्त्यात मारामाऱ्या होत नाहीत. मी तो आजवर पाळला. त्या दिवशीही मी बराच वेळ पाळला. किती वेळ, ते बाई सांगतील.

नंतर मी ट्रॉलीच्या चाकांमागे दगड लावले, साडूंचा आकडा काढला आणि माझा लावला. साडू मध्ये आले. मी त्यांना हाताने बाजूला केले. मारहाण केली नाही. त्यांच्या शर्टाला ग्रीस लागले, ते खरे आहे.

घोडी वाचली. शिंगराबद्दल डॉक्टरांना विचारावे.

हवालदारसाहेबांनी विचारले की मी इलेक्ट्रिक गाड्यांच्या विरोधात आहे काय. नाही. माझ्या घरी रोजच्या वापराला छोटी इलेक्ट्रिक मोटार आहे. बायको तिने कामावर जाते, भाजी आणते, रात्री घरीच चार्जिंगला लावते. मी चालवतो तेव्हा तोंडातले नामस्मरण माझे मला ऐकू येते. ट्रकमध्ये ते होत नाही. शेजारी एक गृहस्थ दूध आणायला डिझेल ट्रक काढतात, सगळी गल्ली खोकत उठते. आमच्या संघटनेतले काही वीर इलेक्ट्रिक गाडी दिसली की मुद्दाम धूर सोडतात. त्यांच्याबद्दल माझे मत साडूंबद्दल आहे त्याहून बरे नाही. गाडीला अक्कल नसते, म्हणून ती चालवायला माणूस बसवतात. घाटात ती व्यवस्था अपुरी पडली.

साडूंनी माझ्याविरुद्ध ठाण्यात तक्रार दिली आहे. काल ते मेहुणीला घेऊन घरी आले. म्हणाले, "आकडा मी राजीखुशीनं दिला असं सांग. मी तक्रार मागे घेतो. तुझं काम वाचेल, माझी अब्रू वाचेल." बाईंना त्यांनी अगोदरच सांगितले होते की घाटातल्या खोळंब्याने काही बिघडले नाही, शिंगराचे नशीब तेवढेच. बाईंना ते पटले होते. मेहुणी रडली. बायकोने माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि ती आत गेली.

मी रात्रभर विचार केला. देवाने नेले असे म्हणायला माझी हरकत नाही, परंतु साडूंनी केलेल्या उशिराचे बिल देवाच्या नावावर फाडायला माझी हरकत आहे.

आज इथे येण्यापूर्वी मी तबेल्यात जाऊन बाईंना सांगितले की शिंगरू उशिरामुळे गेले. उशीर साडूंच्या हट्टाने झाला आणि शेजारी उभे राहून नियम पाळणाऱ्या माझ्यामुळेही झाला. त्यांनी ऐकून घेतले. चहा विचारला नाही. तिथून संघटनेच्या कचेरीत जाऊन आकडा परवानगीशिवाय काढल्याचे सांगितले. आजपासून माझे काम बंद आहे.

जबाब मला वाचून दाखवला, मी बोललो तसाच उतरला आहे. साडू बाहेर बाकावर बसले आहेत, त्यांनाही मोठ्याने वाचून दाखवावा.