भाकड कपिली

मुंबईच्या गाडीला अजून अवकाश होता. पोलादपूर स्टँडच्या बाकावर निशिगंधा कंटाळून बसली होती, आणि तिच्या पाठीमागच्या बाकावर दोन म्हाताऱ्यांचं चाललं होतं. एकीच्या पायाशी गाठोडं होतं.

"कायमची चाललीस गो रंगू?"

"सुनील नेतोय. अख्ख्या वाडीत माझी एकटीचीच चूल पेटत होती."

"मजा हाय बाई तुझी! सून आयतं वाढील."

"वाढील तर! सोफ्यामागं जागा केलीय माझ्या अंथरुणाला."

"आन् तुझी कपिली?"

"सोडली सकाळी. दावं कापलं, गळ्यातली घंटा काढली."

"घंटा कशापायी?"

"हैबती घंटेसकट म्हैस सोडून मुंबैला गेला. रोज तिन्हीसांजेला त्याच्या कुलपापुढं वाजायची. खालच्या वाडीत तू हायस, तुला ऐकायला नको."

"विकायची होतीस."

"भाकड गाय कोन घेतो? कापायला बंदी हाय, उपाशी मारायला नाय."

"तू फिरायला निघालीस की वाडीत सोडलेली सगळीच जनावरं मागं यायची. पांडूचा बैल, रितेशची कुत्री."

"म्हनून आज नदीच्या वाटेनं आले. तरी कपिली आलीच मागनं, पार फाट्यापर्यंत. सुनील म्हनला, आये, दगड मार. तुझाच मार बसला तर फिरंल."

"मारलास?"

"मारला. कपाळाला लागून खाली पडला."

"मग तरी फिरली?"

"नाय गो. रोज भाकर टाकायची ना मी. खाली वाकून दगड हुंगत राहिली."