गॅसवर चढलेलं सॅलड

ती : अजून पातळ कापा. हे काकडीचे काप आहेत की बुटाचे तळवे?

तो : बोटं शाबूत आहेत, त्यात समाधान मान. आता काय?

ती : मीठ लावून ठेवा. पाणी सुटलं की मुठीत धरून पिळायची.

तो : पिळायची? अगं, रसच जाईल सगळा.

ती : जाऊ दे. नाहीतर खाली तळं साचतं. धुणं पिळता तसं पिळा... तेही कधी पिळलं नव्हतंत म्हणा.

तो : तू दवाखान्यातून आल्यापासून रोज पिळतोय.

ती : हो, खरंय. कपडे उलटे वाळत घालता, पण पिळता चांगले.

तो : कोबी कसा हवा?

ती : केसासारखा. माझे होते तसे. अहो, गंमत केली, लगेच तोंड पाडू नका. वाटीत व्हिनेगर घ्या, थोडा सोया सॉस, चिमूटभर साखर. तीळ भाजून शेवटी. पण आज हे जपानी सॅलड कुठून सुचलं तुम्हाला?

तो : डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गरम अन्नाच्या वासानं मळमळत असेल तर गार, कुरकुरीत काहीतरी द्या. जेवली नाहीस तर पुन्हा नाकात नळी घालतील. मग आठवलं, तू क्लासला जाऊन शिकली होतीस.

ती : शिकले आणि एकदाच केलं. तुम्ही म्हणालात, कच्चं राहिलंय. सरळ कढईत ओतून गॅस मोठा केलात.

तो : वर तिखटही घातलं.

ती : जेवायला आलेले भावजी हसून हसून लोळले. मीही हसले. आता वाटतं, कशाला हसले? पुन्हा एखाद्या दुपारी एकटीपुरतं करून खाल्लं असतं तर काय बिघडलं असतं? पण एकटीसाठी कोण भांडी घासत बसणार... असं म्हणत सगळ्या दुपारी घालवल्या. तेव्हा जीभ जागेवर होती हो माझी.

तो : हे घे. फ्रिजमध्ये ठेवून गार केलंय. एक घास खा.

ती : हं.

तो : कसं झालंय?

ती : गार आहे. कुरकुरीत आहे.

तो : आणि?

ती : आणि काही नाही. कागद चावल्यासारखं वाटतं.

तो : चव परत येईल, म्हणाल्यात डॉक्टरीणबाई.

ती : ‘येईलही’ म्हणाल्यात. मी तिथेच होते. ठेवा तो वाडगा, नको मला.

तो : असं करू नकोस गं. अजून दोन घास.

ती : मग तुम्ही खा आणि मला सांगा कसं लागतंय.

तो : मी? मला चवीतलं काय कळतं?

ती : तो एक दिवस सोडला तर इतकी वर्षं पानात पडेल ते गिळलंत. कधी बरं नाही, वाईट नाही. आज सांगा.

(तो खातो. बराच वेळ चावत राहतो.)

तो : आधी आंबट लागतं. झोंबत नाही पण. मग मागून जरासं गोड येतं.

ती : आणि तीळ?

तो : तीळ दाताखाली फुटतो ना, तेव्हा सगळ्या तोंडात वास भरतो. भाजल्याचा, खमंग. कोबी नुसता कोबी राहत नाही मग. छान आहे गं. फारच छान आहे.

ती : थांबू नका. तुम्ही सांगत राहा, मी खातेय.