मखमलीतली हत्यारं

सगळा दोष मामाचा! आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे बाबांचं नाव आलं की तुमचा गोंधळ नको. बाबांचाही आहे, पण तो किरकोळ... मामाचा ठोक!

झालं काय, मी कॉलेज सोडलं आणि बाबांनी घर डोक्यावर घेतलं. ‘इंजिनं खोलायचीत म्हणे साहेबांना! आधी घरची गाडी नीट करून दाखव. झाली तर कॉलेजचं नाव काढणार नाही. नाही झाली तर गुपचूप वर्गात जाऊन बसायचं!’ म्हटलं, ठरलं. गाडी खोकत होती, एका व्हॉल्व्हची स्प्रिंग तुटलेली, ते मला आवाजावरूनच कळलं होतं. स्प्रिंग बदलायची तर वरचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, काढावा लागतो आणि त्याला खास हत्यारं लागतात. एक स्प्रिंग दाबून धरणारं, आणि एक पट्टी, शाफ्ट परत बसवताना जरासुद्धा फिरू नये म्हणून अडकवायची. फिरला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांच्या उरावर! संपलं इंजिन.

आता तुम्हाला सांगतो, ही दोन्ही हत्यारं आख्ख्या खानदानात एकाच माणसाकडे. मामाकडे! जन्मभर कारखान्यात हत्यारांच्या कोठीवर बसला, निवृत्त होताना हत्यारांची ही पेटी भेट मिळाली. आत निळी मखमल, प्रत्येक हत्याराला आपापला खळगा... मामा पेटी घेऊन आला. उघडली. दाखवली. आणि मिटली!

‘मामा, अरे दे की!’

‘हात बघ तुझे! घामानं गंज चढतो. हत्यार वापरायचं नसतं, सांभाळायचं असतं.’

‘मग आणलंस कशाला?’

‘काय लागतं ते तुला कळावं म्हणून.’

घ्या! मग काय, पाइपाचा तुकडा घेतला, अंगाचा भार टाकून दाबली स्प्रिंग... ती उडाली ती थेट माझ्या कपाळावर. हे एवढं टेंगूळ! मामा म्हणतो, ‘बघितलंस? हेच माझ्या हत्याराला लागलं असतं!’

तरी बदलली स्प्रिंग. पट्टी नाही तर नाही, शाफ्ट काढण्याआधीच मी ताईच्या नेलपॉलिशचे लाल ठिपके देऊन ठेवले होते, शाफ्ट फिरवणाऱ्या साखळीवर एक, तिच्या चक्रावर एक. ठिपक्यासमोर ठिपका आणला की झालं! तेवढ्यात आईनं जेवायला हाक मारली. चार घास खाऊन येतो तर... मामानं सगळं थिनरनं घासून लख्ख!

‘काय ते लाल लाल बरबटवलं होतंस! कोठीत आम्ही वस्तू अशी ठेवायचो.’

‘मामा, आता तरी पट्टी दे. पाया पडतो.’

‘खुशाल पड. पण हत्यार वापरायचं नसतं...’

पुढचं तुम्हालाही पाठ झालंय.

बसवलं अंदाजानं. म्हटलं, आधी हातानं हळूहळू फिरवून बघू, कुठे अडतंय का... तर बाबा सीटवर हजर! ‘झालं का, की नुसतंच नाटक?’ आणि मारली की किल्ली! भांड्यांनी भरलेलं कपाट जिन्यावरून ढकलून द्या, तसा आवाज. मग शांतता.

बाबा म्हणाले, ‘किल्ली मी फिरवली असेल, इंजिन तू जोडलं होतंस.’ वा! त्या शांततेत मामानं पेटी उघडली, एकेक हत्यार निरखलं. ‘एक ओरखडा नाही बघा, भावोजी!’ आणि दोघं चहा प्यायला आत गेले.

व्हॉल्व्ह सगळे वाकले. मी सोमवारपासून कॉलेजात आहे, पहिल्या वर्षाला, माझ्याहून लहान पोरांच्या बाकावर.