जावई येतात त्या दिवशीचं पाणी

हयवदन : …आणि कमानीच्या मधोमध माझ्या वसुमतीचं नाव. अक्षरं चांगली ठळक हवीत, संताजी. बसमधून उतरणाऱ्याला चष्म्याशिवाय वाचता आली पाहिजेत.

संताजी : सरी, भावजी.

हयवदन : नुसतं 'सरी', 'बरं' काय! आनेकलच्या पुढं एवढ्या हळ्ळ्या, एवढी खेडी आहेत, पण वेशीला कमान एकीलाही नाही. तुमच्या अक्काच्या माहेराला असेल. पोस्टातल्या नोकरीचं जे काही मागं राहिलंय, ते ह्याच्यासाठीच ठेवलंय मी.

संताजी : होय की.

स्मृती : मामा, अजून पाणी आणू? हा तिसरा ग्लास तुमचा.

संताजी : आण बाळ. उन्हातनं आलो ना.

हयवदन : पी, पी. पण ह्याला गोडी नाही रे. पाणी प्यावं तर तुमच्या हळ्ळीतलं. ह्या स्मृतीच्या सर्जापूर रोडच्या अपार्टमेंटात टँकरचं पाणी येतं, ते तर तोंडात धरवत नाही. म्हणून मी दर जत्रेला वसुमतीच्या नावाच्या टाकीचं पाणी कॅन भरून आणतो. देवापुढचा तांब्या त्याच पाण्यानं भरतो.

स्मृती : मामा, तुम्ही सांगताय की मी सांगू?

संताजी : काय सांगायचं, बाळ?

स्मृती : मी शनिवारी गेले होते तिकडे. कमानीच्या जागेचे फोटो काढायला. अप्पांना सरप्राइज द्यायचं होतं.

संताजी : अय्यो! एक फोन करायचा की.

स्मृती : फोन केला असता तर टाकी भरून ठेवली असतीत.

हयवदन : काय चाललंय तुमचं? टाकीचं काय झालं?

स्मृती : नळ सोडला, अप्पा. एक थेंब नाही. एक बाई घागर घेऊन पलीकडच्या हळ्ळीकडे निघाली होती. तिला विचारलं, इथं पाणी कधी येतं? तर म्हणाली, जावई येतात त्या दिवशी.

(हयवदन चष्मा काढून पुसत राहतात.)

हयवदन : संताजी, मी वसुमतीच्या नावानं बांधून दिलेली टाकी कोरडी आहे?

संताजी : तीन वर्षं झाली, भावजी. बोअर आटली. तळ्याकाठच्या विहिरीचं पाणी आणता येतं, पण पाइप सगळा नवा घालायला लागतो.

हयवदन : अरे, पण दर जत्रेला मी नळ सोडतो तेव्हा धो धो पाणी येतं!

संताजी : टँकर मागवतो. आदल्या दिवशी टाकीत ओततो.

हयवदन : कुठला टँकर?

संताजी : सर्जापूर रोडचाच.

हयवदन : हसू नकोस, स्मृती.

स्मृती : नाही हसत, अप्पा.

हयवदन : फसवलंत रे मला. सगळ्या हळ्ळीनं मिळून फसवलं!

संताजी : फसवलं, नाही म्हणत नाही. पण कसं झालं ते ऐका स्वल्प. अक्का गेल्यावर तुम्ही पहिल्यांदा एकटे आलात. बोअर नुकतीच आटलेली. म्हटलं, जावई एकटा येतोय, आज तरी नळ कोरडा नको. तर तुम्ही ओंजळ धरलीत, पाणी डोळ्यांना लावलंत आणि म्हणालात, 'वसुमती इथं आहे बघा.' त्यावर कोण तोंड उघडणार, भावजी? पुढल्या वर्षी मग बायाच म्हणाल्या, मागवा टँकर.

हयवदन : आणि बाकीचे दिवस?

संताजी : जातात की घागरी घेऊन. सवय झाली त्यांना.

हयवदन : कसली सवय! माझ्याकडं मागायचं नाही होय?

संताजी : जावयाकडं दोनदा कसं मागायचं? आज त्यासाठीच आलो होतो. बसमध्ये सगळं पाठ केलं. आलो तर तुम्ही कमानीचं चित्र पुढं ठेवलंत. जीभच उचलेना.

स्मृती : आणि त्या बाईनं मला सांगितलं ते कंपनीचं? तेही सांगा.

संताजी : ते राहू दे ग.

स्मृती : मग मीच सांगते. अप्पा, कोरमंगलाची एक कंपनी खर्च करायला तयार होती. पाइप, मोटर, विहिरीची सफाई, सगळं. कंडिशन एकच, टाकीवर त्यांचं नाव. ह्यांनी चक्क नको म्हटलं.

हयवदन : का रे?

संताजी : अक्काचं नाव पुसायला निघाले होते. हळ्ळीच्या लेकीचं नाव पुसून पाणी प्यायचं काय?

हयवदन : वेडे आहात सगळे. अगदी तिच्या माहेरचे शोभता. स्मृती, आईची भांडी आठवतात?

स्मृती : नावं घातलेली? न आठवायला काय झालं!

हयवदन : वाटी असो, डबा असो, नाव घालून घेतल्याशिवाय घरात आणायची नाही. आणि त्याच डब्यातून शेजारीपाजारी बिसीबेळे भात धाडायची. निम्म्या चामराजपेटेत तिचे डबे आहेत अजून. मी ओरडायचो, 'अगं, नाव घातलेला डबा आहे, परत माग.' तर म्हणायची, 'डबा आला नाही म्हणजे भात पोचला की!'

संताजी : अक्का तशीच.

हयवदन : कमान राहू दे. ते पैसे पाइपाला घाला.

स्मृती : पाइपापुरते होतील, अप्पा. मोटर आणि विहीर राहतेच.

हयवदन : मग त्या कंपनीला पुन्हा बोलाव. टाकीवर घालू दे त्यांचं नाव.

संताजी : बाया ऐकायच्या नाहीत, भावजी.

हयवदन : जावयाचा मान ठेवायचाय ना त्यांना? म्हणावं, ह्यात ठेवा.

संताजी : सरी. सांगतो तसं. पण तुम्ही राग धरू नका हं. जत्रेला याल ना?

हयवदन : येणार. कॅन घेऊन येणार. पण जत्रेला नाही.

संताजी : मग कधी?

हयवदन : ते काही तुम्हाला कळवणार नाही.